हौसाचा धवळा

"ह्यो रोल नाय चालनार," कागदाची पट्टी उजेडासमोर धरत हौसा म्हणाली.

मशीन चालवणारा हरेश वैतागला. "ताई, खोक्याचाच कागद हाय. त्याच्यावर काय नवरी बसनार हाय?"

"वला रायलाय. खोका बसंल." तिने रोलवर लाल खूण केली आणि मशीनकडे तोंड करून पुन्हा गायला सुरुवात केली.

तळोज्याच्या त्या कागद कारखान्यात हौसा माल तपासायची, आणि हल्ली मशीनच्या धडधडाटात धवळाही घोकायची. सुकापुरात लग्नाचा मांडव उभा राहिला की तिची सासू गुणाबाई धवळा म्हणायची. देवांना, पूर्वजांना लग्नाचं आवतण तिच्याच गळ्यातून जायचं. यंदा मात्र तिचा दम पुरेना. शेजारच्या भगवानच्या अंकिताचं लग्न तोंडावर आलं, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "काकी, मोबाईलवर लावू काय?"

"मोबाईल देवाला आवतान देतो काय रं?" गुणाबाई कडाडली. "आमची हौसा म्हनंल. नायतर आमच्या घरातला धवळा संपला समज."

हौसाला भीती होती ती सासूचीच. कारखान्यात ती भल्याभल्यांचा माल परत पाठवायची, पण घरी लग्न होऊन आल्यापासून तिची एक भाकरी पास झाली नव्हती. सासूसमोर सराव म्हणजे ओळीओळीला बोलणी. त्यापेक्षा मशीन बरं, तिथे कुणाला काही ऐकू जात नाही!

हळदीच्या दिवशी मांडव गच्च भरला. हौसाने डोळे मिटून सूर लावला, तोही थेट कारखान्यातला. एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. आचारी झारा घेऊनच बाहेर धावला.

"गो हौसा," गुणाबाई म्हणाली, "देव सुकापुरातच हायेत. दुबईला नाय गेले!"

सगळा मांडव खो खो हसला. हौसालाही हसू आवरेना, आणि त्या हसण्यात भीती कधी विरली ते कळलंच नाही. तिने पदर सावरला, पाण्याचा घोट घेतला आणि आवाज खाली आणला.

"पयलं आवतान गो, धरतरी आयेला..."

म्हाताऱ्या माना डोलवू लागल्या. अंकिताचे डोळे भरून आले. गुणाबाई मात्र ओठ हलवत एकेक शब्द तपासत होती. श्वास घ्यायला हौसा जराशी थांबली, तेवढ्यात तिची ओळ मागून कुणीतरी उचलली. सूर थकलेला होता, पण ओळखीचा. आयुष्यात कुणाच्या मागून न म्हटलेली गुणाबाई सुनेच्या मागून म्हणत होती. हौसाला इतका आनंद झाला की पुढची ओळ सुटता सुटता राहिली.

मग पंगत बसली. पहिलं पान धवळा गाणाऱ्या धवळारणीच्या मानाचं; गुणाबाई सवयीने त्यावर जाऊन बसली. उलव्याची वसुंधरा लगबगीने तिच्याजवळ आली.

"काकी, फुडच्या म्हैन्यात आमच्या वरदचं लगीन हाय. धवळ्याला येशील ना?"

"मना काय इचारतंस? हौसाला इचार," गुणाबाई म्हणाली. "ती नेल तर येईन मी, मागं म्हनायला."

आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली, शेजारच्या पानावर जाऊन बसली.