बोंबलांच्या वाटेवरचा दिवा

"वाका साहेब, वाका!" धर्मा पाटील ओरडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोरीवरच्या ओल्या बोंबलांनी गंगाधररावांच्या नव्याकोऱ्या पगडीचा मनसोक्त मुका घेतला होता. मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांडीखाली बोंबील जोडत बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. धर्माने त्यांच्यावर डोळे वटारले खरे, पण त्याच्या स्वतःच्या मिशाही थरथरत होत्या.

गंगाधरराव आरोग्य खात्यातले इन्स्पेक्टर. गिरगावहून वरळीच्या कोळीवाड्यापर्यंत धक्के खात आलेला हा माणूस पगडीसाठी रागावला नाही. त्यांची नजर दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. ते टोक म्युनिसिपालिटीच्या दिव्याच्या खांबाला घट्ट बांधलेलं होतं.

"या खांबाला मासळी कुणी टांगली?"

"मी," धर्मा छाती काढून म्हणाला. "पयली माळ पाटलाचे हातची. रीतच हाय आमची."

प्लेग यायच्या आधीची, अठराशे त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालातली ही गोष्ट. गिरगाव तेव्हा शहर होतं आणि वरळी नावालाच शहर. टोकाला किल्ला, त्याच्या पायथ्याशी कोळ्यांची घरं, आणि मधल्या उघड्या जागेत बांबूच्या वलांडी. मोठ्या रस्त्याकडून घरांकडे येणारी एकच वाट होती, तीही या वलांडींच्या मधून. दोन्ही बाजूंना जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं बोंबील वाळत. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की गाव त्याच सुक्या मासळीवर जगे.

याच वाटेवर मागल्या वर्षी धर्माची बायको मंजुळा पडली. परळला गिरणीच्या दारात मासळी विकून परतताना अंधार झाला, पाय खड्ड्यात गेला आणि उजवा हात मनगटात मोडला. हाडवैद्याने बांधलं, पण मनगट जुळलं ते वाकडंच. मंजुळा त्यावर हसायची. "आता माज्या मापात कुनी खोट काडनार नाय, हातच वाकरा," असं गिऱ्हाइकांना सांगायची. धर्माला मात्र ते मनगट बघवत नसे.

तेव्हापासून त्याने दिव्याचा ध्यास घेतला. पाटील म्हणून त्याच्या वाट्याला यायचं काय, तर लग्नातली पहिली सुपारी आणि भांडणातली पहिली शिवी. आपल्या हातून गावाचं एक तरी काम व्हावं, असं त्याला फार वाटे. तो कचेरीत खेपा घालत राहिला, पट्टेवाल्यांना पापलेटं पोचवत राहिला, आणि अखेर दसऱ्याच्या सुमाराला खांब आला. गावाने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. लालबागचा आनंदा दिवेवाला शिडी घेऊन पहिली वात लावायला चढला, तेव्हा खाली धर्मा चक्क रडला. मग हंगामाची पहिली माळ त्याने आपल्या वलांडीऐवजी या खांबाला बांधली. पाहुण्याला पहिला मान द्यायचा नाही तर कुणाला? पाटलाने बांधली म्हटल्यावर बाकीच्यांनीही हौसेनं दोऱ्या बांधल्या.

"पाटील, तुम्ही माझी पंचाईत केलीत," गंगाधरराव पगडी पुसत म्हणाले. "गावात कुणी कुठे काय वाळवावं, याला आमच्याकडे नियम नाही. शहरात आहे. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला मासळी वाळवता येत नाही."

"मंग हे गावच हाय की."

"कायद्यानं वरळी शहरातच मोडते. आजवर आम्ही काणाडोळा करत होतो, कारण इथे शहराचं असं काही नव्हतंच. आता सरकारी दिवा लागला. दिवा लागला म्हणजे रस्ता सार्वजनिक झाला."

"माला सोडताव. आत्ता सोडताव."

"नुसत्या माळा नव्हेत. वाटेच्या दोन्ही अंगांच्या वलांडी काढाव्या लागतील."

बायकांचं हसू थांबलं. वलांडी न्यायच्या कुठे? पलीकडे खडक आणि भरतीचं पाणी.

"मी गावचा पाटील हाय, साहेब. माजा शबूद..."

"शहराला पाटील नसतो हो, पाटील," गंगाधरराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन ओशाळले. माणूस वाईट नव्हता. घरी त्यांच्या पानात याच वरळीचे बोंबील पडत. "पुढच्या फेरीपर्यंत काय ते ठरवा. वलांडी किंवा दिवा," एवढं म्हणून ते वाकून, अगदी सांभाळून, दोरीखालून गेले.

त्या संध्याकाळी धर्मा ओटीवर बसून राहिला. समोर आनंदा दिवा लावून गेला होता आणि उजेडात सगळी वाट लख्ख दिसत होती. मंजुळा टोपली उतरवून त्याच्याजवळ टेकली.

"अवो, खांब काडायला सांगा."

"नाय सांगनार. सगल्या जल्मान येक काम केला मी."

"केलात ना? गावानं बगितला. आता काडा."

"तू परत अंधारान परशील."

"माज्या येका हातापायी गावचे पोटावर पाय देनार काय तुमी?"

 पाटलाला जे शेवटी करावंच लागतं ते धर्माला बायकोने सांगितलं होतं, आणि याचाच त्याला राग आला. तो न जेवता झोपला.

गंगाधरराव पुन्हा आले, तेव्हा त्याने हात जोडून दिवा परत न्यायला सांगितलं. गंगाधरराव बघतच राहिले. "दिवा मागायला येणारे रोज भेटतात," ते हळूच म्हणाले. "परत करणारे तुम्हीच पहिले."

बैलगाडी आली. खांब उपटायच्या आधी बायकांनी त्याला पुन्हा कुंकू लावलं, लेक सासरी निघावी तसं. नारळ धर्मानेच फोडला. आनंदा दिवेवाला पटका काढून बाजूला उभा होता. त्याची रोजची फेरी कमी झाली होती, पण चेहऱ्यावर त्याचा आनंद काही दिसेना. गाडी गेल्यावर धर्माने खड्डा स्वतः बुजवला आणि पायाने माती दाबली.

पौष महिन्यात गंगाधररावांची पुन्हा फेरी झाली. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते वाड्यात रेंगाळले आणि निघेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या. वाटेवर उजेड दिसला म्हणून ते चमकले. बुजवलेल्या खड्ड्याच्या जागेवर धर्मा पाटील होडीवरचा कंदील हातात उंच धरून उभा होता. परळहून परतणाऱ्या बायका एकेक करून त्या उजेडातून घराकडे जात होत्या.

"हे काय, पाटील? रोज असे उभे राहता?"

"शेवटची बाय येईस्तोवर."

"अहो, एखादा बांबू रोवून त्याला टांगा की."

"नको साहेब. खांबाला टांगला, की तुमी म्हनाल शहर झाला."

गंगाधररावांना हसू आलं आणि ते अर्ध्यावरच विरलं. त्यांनी विचारलं, "हा दिवा मग कुणाचा समजायचा मी?"

"गावचा," धर्मा म्हणाला.

 गंगाधररावांनी पगडी सावरली. दोरी चांगली उंचावर होती, तरी ते खाली वाकले आणि पलीकडे गेले. ते मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत धर्माने कंदील त्यांच्या बाजूला वळवून धरला.

सगळ्यात शेवटी मंजुळा आली. टोपली रिकामी होती. ती त्याच्यासमोर थांबली.

"आना हिकरं. दमला आसंल तुमचा हात."

वाकड्या मनगटाचा हात तिने पुढे केला आणि कंदील घेतला. धर्माने आपला खांदा दोनदा चोळला. मग ती उजेड धरून पुढे आणि तो मागे, अशी दोघं बोंबलांच्या रांगांमधून घराकडे निघाली.