चौकशीच्या खोलीतला ब्राउझर

ही २०११ सालची गोष्ट. बसस्थानकात मी हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसायची आणि शेजारच्या चौकशीच्या खोलीत माझे धाकटे दीर. मधली भिंत लाकडी फळ्यांची, तीही छतापर्यंत न पोचलेली, त्यामुळे त्यांचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा. शाळेत असताना तापात त्यांची दृष्टी गेली होती. फोनवर बसच्या वेळा सांगणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना घड्याळ म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्यांना ते आवडायचं. मी भाऊजीच म्हणायची. त्या खुर्चीमुळे आपण घरात कुणावर ओझं नाही, असं ते मानत. आम्ही त्यांना ओझं कधी मानलंच नव्हतं, पण आमचं ऐकतो कोण?

सुरुवातीला वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असायचं. संध्याकाळी मी वाचायची, ते ऐकायचे, की झालं. मग गाड्या वाढल्या, मार्गांना फाटे फुटले आणि वेळापत्रक इंटरनेटवर गेलं. भाऊजींना संगणक मिळाला, पडद्यावरचं वाचून दाखवणारा. एका कानात मशीन, दुसऱ्या कानात प्रवासी, असा त्यांचा संसार सुरू झाला.

"डोकं रिकामं झालं, वहिनी," एकदा म्हणाले. "आता त्यात काय भरू?"

"थोडी अक्कल भरा," मी म्हटलं. त्यावर ते चहा सांडेपर्यंत हसले.

इंटरनेटवरची पानं ज्यातून उघडतात त्याला ब्राउझर म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचा ब्राउझर अगदी साधा, कुणा एका माणसाने हौसेने बनवलेला. कुठलं बटण किती वेळा दाबलं की कुठली गाडी, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. शिवाय आमच्याकडे इंटरनेट सारखं जायचं. तेव्हा इतरांच्या पडद्यावर कोरं पान यायचं, पण भाऊजींचा ब्राउझर आधी साठवलेलं पान काढून वाचत बसायचा. "माझा कधी नाही म्हणत नाही," हे ते नव्या जावयाचं कौतुक करावं तसं सांगत.

त्या वर्षी वरच्या कार्यालयाने नवी वेबसाइट करायला घेतली आणि सगळ्या संगणकांवर एकच ब्राउझर हवा, असं ठरलं. साहेब भला माणूस. म्हणाले, वापरणार तुम्ही, तर निवडाही तुम्हीच. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावलं. संगणक सांभाळणारा माणूस, ज्याला आम्ही तारवाला म्हणायचो कारण त्याच्या गळ्यात कायम वायरींची वेटोळी असायची, तो फळ्यापाशी उभा राहिला. ब्राउझरमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवं, ते सांगा, म्हणाला.

तिकिटवाल्यांना वेग हवा होता. रांगेतली माणसं आमच्याच आईबहिणीचा उद्धार करतात, म्हणाले. टायपिंगच्या बाईंना पडद्याचा रंग बदलता यायला हवा होता. दारावरच्या पहारेकऱ्याने सुरक्षिततेसाठी हात वर केला. त्याने आयुष्यात संगणकाला बोट लावलं नव्हतं, पण दुसऱ्या कशाला हात वर करणं त्याला पेशाला धरून वाटलं नसावं.

मग साहेबांनी भाऊजींना विचारलं.

"आज जे जिथं आहे ते उद्याही तिथंच असावं," भाऊजी म्हणाले. "बाकी कसंही चालेल."

लोक हसले. चेष्टेने नाही, मायेनेच हसले, पण हसले. साहेबांनी त्यासाठीही हात वर करायला सांगितले. फळीपलीकडे परत आल्यावर भाऊजींनी विचारलं, "किती हात होते माझ्या बाजूने?"

"तुमचा आणि माझा."

"म्हणजे घरचेच."

जिंकला वेग. तारवाल्याने एकेका संगणकावर नवा ब्राउझर बसवला, आणि भाऊजींच्या खोलीत आला तेव्हा त्याला त्यांची दया आली. त्याने जुना तसाच राहू दिला. कुणाला सांगू नका, चालतोय तोवर चालवा, म्हणाला. भाऊजींचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी घरी येताना त्यांनी सगळ्यांसाठी केळी घेतली.

ऋतू बदलला, नवी वेबसाइट सुरू झाली, नवं वेळापत्रक लागलं. फळ्यांपलीकडून त्यांचा आवाज पूर्वीसारखाच येत होता, शांत, प्रत्येक आकडा वेगळा. मला वेळा बरोबर वाटल्या, कारण कित्येक महिने त्याच ऐकत आले होते. गाडी चुकल्याची कुरकुर माझ्या खिडकीपर्यंत यायची, पण ती तर नेहमीचीच.

एके दिवशी दुपारी एक बाई चौकशीच्या खिडकीशी आल्या. हातात पिशवी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काल फोनवर तुम्हीच होतात ना? आवाज ओळखला मी."

"हो. बोला ना."

"तुम्ही चार चाळीसची गाडी सांगितलीत. मी पोचले तेव्हा ती केव्हाच गेली होती. रात्री माझा भाऊ गेला. सारखं दाराकडे बघत होता म्हणे."

भाऊजींनी बटणं दाबली. मी उठून त्यांच्या दारात गेले होते. त्यांनी हेडफोन काढला, आणि मशीनने आम्हा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: चार चाळीस. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर नवं छापील वेळापत्रक लावलेलं होतं. त्यात त्या गाडीपुढे तीन दहा लिहिलं होतं.

"वहिनी, बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

मला सांगावं लागलं.

तारवाला आला, बघितलं आणि खुर्चीत बसूनच राहिला. नवी वेबसाइट त्या ब्राउझरला उघडतच नव्हती. इंटरनेट गेलंय असं समजून तो इमानेइतबारे जुनं साठवलेलं पान वाचत होता. 'जुनी प्रत' अशी एक करडी पट्टी पडद्याच्या तळाशी दिसत होती, पण ती चित्रासारखी होती, मशीनला वाचता येत नव्हती. म्हणजे नवं वेळापत्रक लागल्यापासून भाऊजींनी ज्याला ज्याला वेळ सांगितली, ती गेल्या ऋतूची.

ते एवढंच म्हणाले, "जिथल्या तिथं राहिलं, नाही का?"

कुणीच त्यांना बोललं नाही. साहेब दोनदा येऊन म्हणाले, तुमची चूक नाही. तारवाल्याने नवा ब्राउझर घातला आणि त्यांच्या शेजारी बसून शिकवला. पण पान कधी वरून उघडायचं, कधी मधूनच, मध्येच सहलींच्या जाहिराती बोलायला लागायच्या, आणि जिथं गाड्यांची नावं असायला हवीत तिथं मशीन म्हणायचं, चित्र, चित्र, चित्र. कान भांबावून जायचे. फोन वाजत राहायचा.

मग आम्ही जुन्या वळणावर गेलो. संध्याकाळी मी नवं वेळापत्रक वाचायला बसायची आणि ते ऐकायचे. सकाळी म्हणून दाखवताना अर्ध्या गाड्या नव्या वेळेच्या, अर्ध्या जुन्या. आमचे हे म्हणायचे, जाऊ दे रे, होईल हळूहळू. भाऊजी मान हलवायचे.

"जुनं निघतच नाही, वहिनी. आणि कुठलं जुनं ते मला कळतही नाही."

एके दिवशी फोन वाजला आणि त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही. मी फळीवर टकटक केलं. पलीकडून म्हणाले, "त्यांना म्हणावं, दुसऱ्या कुणाला तरी विचारा." त्याच आठवड्यात त्यांनी साहेबांकडे जाऊन स्वतःच खुर्ची सोडली. साहेबांनी त्यांना माझ्या खिडकीत बसवलं. सापडलेल्या पिशव्यांना दोऱ्याने बिल्ले बांधायचे. गाठी ते चांगल्या मारायचे. पिशव्या मात्र दिवसाला चार-पाचच यायच्या.

तारवाला वर्षभरात दुसऱ्या गावी गेला. जाताना भाऊजींना भेटायला आला होता, पण दारातूनच परतला. साहेब बढती मिळून वर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. चौकशीच्या खोलीत ध्वनिमुद्रित आवाज बसवला, पुढे तोही काढला, आणि आता तिथं रिकामी खोकी ठेवतात. हात वर करून निवडलेला तो नवा ब्राउझरही केव्हाच बंद पडला, त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. भाऊजी मात्र खिडकीशी कुठल्याही बाईचा आवाज आला की हातातली गाठ थांबवायचे.

माझ्यानंतर चार वर्षांनी ते निवृत्त झाले. आमचे हे गेले, मग आम्ही दोघंच घरात राहिलो. घरी आलेल्या कुणी सहज म्हणून किती वाजले विचारलं, तर पूर्वी घड्याळ बघितल्यासारखं सांगणारे भाऊजी म्हणायचे, भिंतीवर बघा. दवाखान्यातही नर्सने विचारलं, गोळी किती वाजता घेतली होती? त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. तिथंच गेले. वेळ मी सांगितली.

परवा नातीने मला नवा फोन दिला आणि विचारलं, आजी, ब्राउझर कुठला टाकू, तुला काय हवं त्यात? कुठलाही टाक, म्हटलं.