चुकांचा कागद

हॅडिक्सांच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना बाप म्हणायचा, आणि तीत थोरल्या रँडलच्या कोपराबद्दल देवाचे आभार न चुकता असायचे. सतराव्या वर्षी बेसबॉल खेळताना रँडलच्या कोपरातलं लिगामेंट, हाडाला हाड बांधणारी दोरी, फाटलं. डॉक्टरांनी मनगटातला एक बंध काढून तिथे ओवला. वर्षभराने तो परतला, तेव्हा त्याचा चेंडू ताशी ब्याऐंशी मैलांवरून त्र्याण्णववर गेला होता. त्या वर्षात तो वीतभर वाढला आणि रोज घाम गाळून व्यायाम करत होता, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. अलाबामातल्या त्या गावाने एवढंच धरलं की फाटून शिवलेलं कोपर मूळच्यापेक्षा खणखणीत होतं.

धाकटा कॉर्बिन पंधराचा. त्याचा चेंडू शहात्तरवर अडकलेला आणि कोपर धडधाकट.

"डॉक्टर म्हणतो, फाटल्याशिवाय सुरी लावणार नाही," बाप ग्लेन पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत म्हणाला. "दोनदा विचारलं मी. आणि याचं तर फाटायलाही तयार नाही."

"फाटायला जोर लागतो, डॅडी," रँडल म्हणाला. "हा चेंडू फेकत नाही, पेटीत पत्र टाकतो."

आईसुद्धा हसली. कॉर्बिनने ताट पुसून खाल्लं आणि उठला.

शरद ऋतूत शाळेच्या प्रशिक्षकाने साऱ्या पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोरांना, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या मिस ओडेटने कॉर्बिनच्या उघड्या अंगावर चकचकीत मणी चिकटवले आणि भोवतालच्या कॅमेऱ्यांसमोर त्याला वीस चेंडू टाकायला लावले. पडद्यावर त्याचा सांगाडा काड्यांच्या माणसासारखा वळत होता.

"तुझी ठेवण देखणी आहे," ती म्हणाली. "कमरेपासून खांद्यापर्यंत जोर कसा पायरीपायरीने चढतो बघ. उंची येऊ दे, वेग आपोआप येईल. फक्त या पाच चुका टाळ. त्यांनी सगळा भार कोपरावर जातो." तिने त्या स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिल्या.

"यातली सगळ्यांत वाईट कोणती, मिस ओडेट?"

इतक्या वर्षांत एकाही पोराने असं विचारलं नव्हतं. तिला बरं वाटलं. "तिसरी. पुढचं पाऊल टेकलं तरी हात वर आलेला नसणं."

"आणि पाचही एकदम केल्या तर?"

"मग देवच राखो तुला," ती हसून म्हणाली.

कॉर्बिनने तो कागद गोठ्यामागच्या कोठीत दाराच्या आतून टाचला, आणि भिंतीला टेकवलेल्या जुन्या गादीवर रोज शंभर चेंडू टाकू लागला. पाऊल बाहेर, हात उशिरा, कोपर खांद्याखाली, धड वाकडं, पुढचा गुडघा ढिला. पाची चुका, एकही गाळायची नाही. रविवारी चर्चहून आल्यावरसुद्धा खाडा नाही. झोपताना कोपराची आतली बाजू दाबून बघायचा. दुखलं की समाधानाने डोळे मिटायचा.

जानेवारीत ग्लेन काही शोधायला कोठीत आला. त्याने कागद वाचला. मग गादीकडे बघितलं, पोराच्या सुजलेल्या कोपराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी कोठीत नव्या चेंडूंची बादली ठेवलेली होती.

"हे काय, साप मारतोयस का?" वसंतात प्रशिक्षक ओरडला. वेग एकाहत्तरवर आला होता. "ग्लेन, याला थांबवा."

"टाकू दे त्याला," ग्लेन म्हणाला. "रँडलचंही आधी असंच बिघडलं होतं."

एप्रिलमधल्या एका सामन्यात, चौथ्या डावात, वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पार कुंपणापर्यंत ऐकू गेला. कॉर्बिन गुडघ्यांवर बसला. तोंड पांढरंफटक, पण हसत होता. ग्लेन कुंपण ओलांडून धावला आणि पोराचं डोकं छातीशी धरलं. जन्मात पहिल्यांदा.

"शाब्बास, माझ्या वाघा," तो कानात म्हणाला.

डॉक्टर रँडलचेच होते. त्यांनी कोपराच्या आतलं चित्र दिव्यावर लावलं.

"लिगामेंट फाटलेलं नाही," ते म्हणाले.

"मग आवाज कसला?" ग्लेनने विचारलं.

"हाडाचा. या वयात हाड कच्चं असतं. लिगामेंटने हाडाचा टवका उपटून नेला, पण स्वतः हललं नाही. त्या टवक्याखाली नस चिरडली आहे. शेवटची दोन बोटं आता नीट चालायची नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "असं लिगामेंट मी फार थोड्या पोरांत पाहिलंय. रँडलचं याच्यापुढे सुतळी होतं. हा चाळिशीपर्यंत चेंडू टाकत राहिला असता."

"आता?" कॉर्बिनने विचारलं.

"आता फार तर काटा-चमचा धरशील, बाळा."

सोबत आलेला रँडल दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "घ्या. मोडायचं एक काम होतं, तेही चुकीचंच मोडलं."

ग्लेनने टोपी उचलली. "गाडीत बसा," तो म्हणाला. कॉर्बिनकडे त्याने बघितलं नाही.

त्या रविवारी जेवणाआधी त्याने नेहमीसारखेच रँडलच्या कोपराबद्दल आभार मानले. कॉर्बिनने प्लास्टरमधला हात डाव्या हाताजवळ आणला आणि बोटांत बोटं गुंफली. शेवटची दोन मिटेनात. ती त्याने डाव्या हाताने वाकवून धरली.

"आमेन म्हण," बाप म्हणाला.

तो आमेन म्हणाला.