शेवटच्या दोन थापा

मित्रांनो, मी एक जुनी पॉवर बँक आहे. माझं पोट फुगलं आहे, म्हणून मला खिडकीत एका पत्र्याच्या डब्यात वेगळं ठेवलं आहे. उद्या मला जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांच्या हवाली करतील. त्याआधी माझी कहाणी तुम्हाला सांगून जाते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात सेल बसवले आणि अलगद झाकण लावलं. फोनला वीज पुरवायची, एवढंच काम माझ्या नशिबी असेल असं मला वाटे. पण मला विकत घेतलं ते एका संगीतवेड्या मुलीने. तिच्याकडे वहीएवढं एक वाद्ययंत्र होतं. त्यात ठेके भरता येत, सूर वाजवता येत. माझी वायर जोडली की ते बागेतल्या बाकावर, गच्चीत, पुलाखाली, जिथे प्लग नाही तिथेही गाऊ लागे.

माझा एक स्वभाव आहे, तो सांगायलाच हवा. माझ्याकडून फारच थोडी वीज घेतली जाऊ लागली, की मला वाटतं, समोर कोणीच नाही. मग मी आपोआप झोपी जाते. त्या यंत्राची भूक तर चिमणीएवढी! पहिल्याच दिवशी मी भर गाण्यात झोपले आणि सगळे हसले. मग मुलीने युक्ती काढली. माझ्या दुसऱ्या तोंडाला ती एक छोटा दिवा लावून ठेवी. दिवा वीज खाई आणि मी जागी राही. भर दुपारीसुद्धा आमचा दिवा तेवत असे.

मुलीच्या आजोबांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी जन्मभर कपडे शिवले. नजर अधू झाली, शिवणयंत्र गेलं, पण शिवताना बोटात घालायची पितळी टोपी काही बोटातून निघाली नाही. त्या टोपीने ते टेबलावर एक ठेका धरत. नातीने तोच ठेका यंत्रात भरला आणि त्यावर सूर रचले. शेवटच्या दोन थापा मात्र तिने मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. त्या आप्पांच्या. टक्, टक् वाजवून ते म्हणत, "हां, आता टाका पक्का झाला." कोणी गाणं अर्धवट सोडलं की त्यांना चैन पडत नसे. "अगं, दोरा लोंबतोय," म्हणून ते उरलेला ठेका स्वतः पुरा करत.

रोज संध्याकाळी मला चार्जिंगला लावायचं, हा मुलीचा नेम होता. पुढे तिला नोकरी लागली आणि नेम सुटला. मी ड्रॉवरमध्ये रिकाम्या पोटी पडून राहिले. असं पडून राहिलं की आमची ताकद कायमची आटते. इकडे आप्पांचीही आठवण आटत चालली होती. आधी नावं गेली, मग घरातले चेहरे. पण ते काही मागत नसत. चहा दिला तर पीत, नाही दिला तर गप्प बसत. घर सांभाळणारी आत्या, म्हणजे आप्पांची लेक, कौतुकाने सांगे, "आमच्या आप्पांचा काही म्हणजे काही त्रास नाही हो."

एका दुपारी दार सताड उघडं दिसलं. आप्पा घरात नव्हते.

नात कामावरून धावत आली. आत्या पोलीस चौकीत कळवून येईपर्यंत माझ्या पोटात जेवढी वीज भरली, तेवढ्यावरच आम्ही निघालो.

"अगं, माणूस हरवलाय आणि तू बाजा घेऊन निघालीस?" आत्या रडकुंडीला आली होती.

"आत्या, ते मला ओळखत नाहीत. तुलाही नाही. ठेका तेवढा ओळखतात."

यंत्र तिच्या हातात, छोटा स्पीकर गळ्यात, मी पिशवीत. लाँड्री, गॅरेज, शाळेची भिंत, बसथांबा. आप्पांचा ठेका पुन्हा पुन्हा वाजत होता. एका फळवाल्याने हसून विचारलं, "काय विकताय ताई?"

"आजोबांना शोधतेय."

त्याचं हसू मावळलं. त्याने गाडी तशीच सोडली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहून आला. नुसतीच मान हलवली.

ऊन उतरलं. वीज किती उरली ते दाखवणारा माझ्या अंगावरचा शेवटचा ठिपका लुकलुकू लागला. आत्या सारखी देवाचं नाव घेत होती. मीही हात नसताना हात जोडले. देवा, मला पुन्हा कधी भरलं नाही तरी चालेल, एवढी संध्याकाळ निभावून ने.

नात यंत्र, स्पीकर आणि पिशवी आत्याच्या हाती देऊन थांब्यावरच्या लोकांना विचारायला गेली. आत्याने पिशवीत पाहिलं. "बॅटरी संपत आलीय आणि हा दिवा कशाला जळतोय? उजेड आहे अजून." तिने दिव्याची वायर काढली.

मला ओरडता आलं असतं तर! आता यंत्राची चिमणीएवढी भूक तेवढी उरली. समोर कोणीच नाही असं मला वाटू लागलं. आहे, आहे, असं मी स्वतःला बजावत राहिले आणि बजावता बजावताच झोपले.

पुढचं मी त्यांच्या बोलण्यातून ऐकलं. गाणं मध्येच तुटलं. नात धावत आली. "आत्या, काय केलंस! त्या दिव्यावरच ती जागी असते!"

"मी आपली वाचवायला गेले गं..."

आणि त्या शांततेत थांब्यामागच्या बोळातून आवाज आला. पत्र्यावर पितळ. उरलेला ठेका, आणि शेवटी टक्, टक्.

बंद दुकानाच्या पायरीवर आप्पा बसले होते. धोतर भिजलेलं, एका पायात चप्पल नाही, ओठ कोरडे. बोटातली टोपी शटरवर टेकलेली. गाणं किती वेळ आसपास वाजत होतं, पण त्यांनी हाक म्हणून मारली नव्हती.

"कोण वाजवतंय?" ते चिडून म्हणाले. "दोरा लोंबता सोडून जातात!"

"मी, आप्पा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळख पटली नाही. "कुठे शिकलीस?"

"तुमच्याकडेच."

"मग टाका पक्का घालत जा."

आत्या तिथेच पायरीवर बसली. त्यांचा अनवाणी पाय मांडीवर घेऊन पदराने पुसत राहिली.

मित्रांनो, त्यानंतर मला रोज चार्जिंगला लावलं, पण आटलेली ताकद परत आली नाही. पोटच फुगलं. माझं एक मागणं आहे. ज्याला थोडंसंच लागतं, तो समोर नाहीच असं धरू नका. माझी घडणच तशी, तुमची नाही. वस्तू असो वा माणूस, रोज एकदा जवळ जा, हात लावून बघा. एवढा नेम कराच.

आता कामावरून आलेली नात आत आप्पांजवळ बसली आहे. यंत्र भिंतीतल्या प्लगवर वाजतंय. ठेका शेवटापर्यंत आला आणि ती थांबली.

टक्.

दुसरी थाप अजून आलेली नाही. हल्ली वेळ लागतो. ती थांबून आहे.