अध्यक्षांनी खुर्ची सोडली

“आज तू फक्त बसून राहायचं,” टाचणी म्हणाली. “छत कोसळलं तरी उठायचं नाही.”

स्वयंपाकघरात आई चहा गाळत होती. तिला हसू आवरेना. “हिला सांगतेस? अगं, ही लहानपणी फोटोसाठीसुद्धा कधी धड बसली नाही. घरातल्या सगळ्या फोटोंत हिचा एक हात, नाहीतर अर्धं डोकं. आणि लोकांनी हिलाच बसायला निवडून दिलं!”

“मावशी, म्हणून तर सांगतेय.”

अध्यक्षा केसांना पिना लावत होती आणि आरशातून टाचणीकडे बघत होती. टाचणी गेले पंधरा-वीस दिवस त्यांच्याच घरी राहत होती. वसतिगृहातून तिला काढलं होतं. बारीक अंगाची, धारदार जिभेची, कागद दिसला की टोचून ठेवणारी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. ती विद्यार्थी संघटनेची चिटणीस होती. आजच्या बैठकीत तिच्याच वर्षाचा निकाल लागायचा होता.

त्या दिवसांत त्या भागातल्या सहा विधी महाविद्यालयांची मिळून एक संघटना होती. आज कुणाला सांगितलं तर हसू येईल, पण तेव्हा ती सगळ्यांना फार मोठी गोष्ट वाटायची. परिपत्रकं सायक्लोस्टाईल करायची, परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून भांडायचं आणि वर्षातून एकदा अभिरूप न्यायालय भरवायचं, म्हणजे खोटा खटला खऱ्या न्यायाधीशांपुढे लढवायचा. काळ्या शाईनं बोटं बरबटलेली असायची आणि त्या बोटांचाही अभिमान वाटायचा.

संघटनेत एक विनोद पिढ्यान् पिढ्या चालत आला होता : चिटणीस राबतो, अध्यक्ष बसतो. त्यात खोटं काही नव्हतं. अध्यक्षानं घंटी वाजवायची, ज्याची त्याची पाळी द्यायची आणि गप्प बसायचं. मत प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रतिनिधीला एक, पदाधिकाऱ्यांना नाही. फक्त मतं समसमान पडली, तर खुर्चीत बसलेल्यानं आपलं एक निर्णायक मत टाकायचं. अध्यक्षाला स्वतःला काही बोलायचंच असेल, तर त्यानं खुर्ची सोडायची. मग उपाध्यक्ष तिथे बसायचा आणि तो विषय संपेपर्यंत अध्यक्षाला परत बसता यायचं नाही. ही प्रथा सगळ्यांना पाठ होती. वापरायची वेळ मात्र कुणावर आली नव्हती.

टाचणीवर जे ओढवलं ते वाचनालयावरून. सगळ्यांत मोठ्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी वाचनालय संध्याकाळी सहाला बंद करायचा हुकूम काढला. संध्याकाळच्या वर्गाला येणारी माणसं दिवसभर नोकरी करणारी. कुणी टंकलेखक, कुणी दुकानात हिशेबनीस, एक तर दवाखान्यातली परिचारिका. ही सगळी कामावरून सुटायचीच साडेसहाला. त्यांनी पुस्तकं बघायची तरी कधी? संघटनेनं दोनदा विनंती केली, तिचा उपयोग झाला नाही. तेव्हा एकदा जिना उतरता उतरता अध्यक्षा टाचणीला म्हणाली होती, “तू जा आणि त्यांच्याबरोबर वाचनालयात बसच. कुलूप लावतात कसं ते बघू. मी आहे ना मागे.”

टाचणी गेली. शिपाई किल्ल्या खुळखुळवत उभा राहिला, पण ती उठली नाही आणि तिच्यामुळे बाकीचेही उठले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिला वर्षभरासाठी महाविद्यालयातून काढल्याचा हुकूम निघाला.

इतरांच्या दृष्टीनं एक वर्ष म्हणजे एक वर्ष. टाचणीच्या बाबतीत तसं नव्हतं. तिचा थोरला भाऊ सायकली दुरुस्त करायचा. “या उन्हाळ्यापर्यंत शिकवीन, पुढे माझ्याच्यानं होणार नाही,” असं त्यानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तो शब्दाचा पक्का होता, दोन्ही अर्थांनी. तिचं हे शेवटचं वर्ष होतं. ते गेलं की वकिलीही गेली.

एकच फट उरली होती. यंदाचं अभिरूप न्यायालय मोठ्या महाविद्यालयाच्या सभागृहात भरायचं होतं आणि एक ज्येष्ठ न्यायाधीश यायचे होते. बाकीची महाविद्यालयं आलीच नाहीत, तर प्राचार्यांची शोभा झाली असती. त्यांच्याच एका प्राध्यापकांनी हळूच सांगितलं होतं, “संघटनेनं ठराव करून कळवलं, की तिला काढल्याचा हुकूम मागे घेतल्याशिवाय कुणी स्पर्धेला येणार नाही, तर साहेब नमतील. एकट्यादुकट्याच्या विनवणीनं नाही.”

“तीन मतं आपली पक्की,” टाचणी चहा फुंकत म्हणाली. “दोन विरुद्ध. राहिली ती नव्या कॉलेजची मुलगी. ती आपल्याकडे आली तर आपण जिंकलो. तिकडे गेली तर तीन-तीन, आणि मग तुझं मत. म्हणजे कुठूनही आपणच. फक्त तू खुर्चीत हवीस.”

“कळलं गं. किती वेळा सांगशील?”

“चारच वेळा सांगितलं.”

बैठक छापखान्याच्या माळ्यावर होती. खाली यंत्र धडधडत असलं की वर टेबलावरचे पेले आपोआप सरकायचे. टेबलावर हिरवं कापड आणि त्याला शाईचे डाग. सगळ्या लाकडी घडीच्या खुर्च्या. हात असलेली एकच, तिची वेताची बैठक मध्ये खचलेली. अध्यक्षा तिच्यात बसली. उजव्या हाताला टाचणी कागद लावून बसली. डाव्या हाताला उपाध्यक्ष. त्याला सगळे मामा म्हणायचे, कारण तो सगळ्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होता, दोन मुलांचा बाप होता आणि खिशात नेहमी खोकल्याच्या गोळ्या ठेवायचा. दिवसा कचेरीत कारकुनी करून तो संध्याकाळच्या वर्गाला यायचा.

विषय निघाला तसा मोठ्या महाविद्यालयाचा प्रतिनिधी उठला. त्याच्या शर्टाची कॉलर इतकी कडक असायची की मान वळवायची तर तो सगळाच वळायचा. म्हणून त्याचं नावच कॉलर पडलं होतं.

“माझी पहिली हरकत,” कॉलर म्हणाला. “स्वतःच्याच प्रकरणाचं इतिवृत्त चिटणीसबाई स्वतः लिहिणार?”

टाचणीनं पेन त्याच्यासमोर धरलं. “घे. बारा पानी होईल. संध्याकाळपर्यंत पक्कं करून आण.”

सगळे हसले. कॉलरनं पेन घेतलं नाही. मामाही हसला, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो एक गोळी कागदातून काढत होता आणि परत गुंडाळत होता.

बोलणी सुरू झाली. बाजूनं तिघं बोलले, बरं बोलले. नव्या कॉलेजची मुलगी मांडीवर पिशवी धरून ज्याचं बोलणं चालेल त्याच्याकडे बघत होती आणि प्रत्येकाला मान डोलावत होती. मग कॉलर परत उठला. या वेळी तो शांत होता.

“चिटणीसबाई म्हणतात, आपण संघटनेच्या वतीनं गेलो. संघटनेनं ठराव केला होता? नाही. मग कुणाच्या सांगण्यावरून? म्हणे अध्यक्षांच्या. आता अध्यक्ष तर समोर बसल्यात मूग गिळून. खरं असतं तर बोलल्या नसत्या? मला तर वाटतं, बाईंनी आपली कातडी वाचवायला हे मागाहून रचलंय. सरळ भाषेत सांगायचं तर खोटं बोलतायत.”

खालचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं. टाचणी मान खाली घालून लिहीत होती. तिचं पेन एकदाही अडखळलं नाही. तिनं डावा पंजा टेबलावर पालथा ठेवला आणि हळूच दाबला, कुत्र्याला बस म्हणतात तसा. अध्यक्षेनं तो पंजा पाहिला. पण जिन्यावरचा आपलाच आवाज तिला ऐकू येत होता : मी आहे ना मागे. आणि मागे म्हणजे ही अशी, हाताच्या खुर्चीत, गप्प? सगळे आपल्याकडे बघतायत, मनात भेकड म्हणतायत असं तिला वाटलं. खरं तर दोघंच बघत होते.

तिनं खुर्चीचे हात धरले.

“बाई,” मामा वाकून पुटपुटला. “बसा. मला त्या खुर्चीत बसवू नका.”

“एवढं काय मामा, घंटी तर वाजवायची.”

“खरंच नको. हात जोडतो.”

तिला तो त्याचा भिडस्तपणा वाटला. मामा तसाच होता, चहाचा दुसरा कप घ्यायलाही लाजायचा. ती उठली. “मी खुर्ची सोडते आहे,” ती म्हणाली आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभी राहिली. मामा जागचा हलेना. शेवटी कॉलरच म्हणाला, “उपाध्यक्ष, स्थान घ्या.” तेव्हा तो जाऊन खचलेल्या वेताच्या अगदी कडेवर टेकला.

मग ती बोलली, आणि तशी आयुष्यात पुन्हा कधी बोलली नसेल. जिन्यावरचा शब्द आपला होता, हे सांगितलं. दिवसभर राबून येणाऱ्या माणसांना कुलूप दाखवणाऱ्यांना कायदा शिकवायचा काय अधिकार, असं विचारलं. शिक्षा द्यायची तर आधी मला द्या, म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज खालच्या मजल्यावर गेला, तसे छापखान्यातले खिळे जुळवणारे दोन जुळारी जिन्यात येऊन उभे राहिले. तिनं संपवलं तेव्हा टाळ्या पडल्या. कॉलरसुद्धा खाली बघत होता.

मतं घेतली. बाजूनं तीन. विरुद्ध कॉलरचा हात, त्याच्या शेजाऱ्याचा हात, आणि बऱ्याच वेळानं, पिशवीमागून, नव्या मुलीचा. पुढे कधीतरी ती म्हणाली होती, “ताई, तुम्ही इतक्या चिडलात की मला वाटलं, मोठं भांडण होणार. मला भांडणाची भीती वाटते.”

तीन-तीन. सगळे मामाकडे बघायला लागले. तेव्हा कुठे अध्यक्षेला आठवलं, की मामा दिवसा ज्या कचेरीत कारकून आहे, त्या कचेरीचे मालक मोठ्या महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर आहेत. तसं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सहाच्या कुलपानं ज्यांचं वाचन बंद पाडलं, त्यांत मामाही होता. वाचनालयात टाचणीच्या शेजारच्या बाकावर तो बसला होता की नव्हता, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

मामानं घंटीकडे बघत म्हटलं, “मतं समान पडली, तर खुर्चीत बसणाऱ्यानं आहे ते बदलू नये, अशी पद्धत आहे. माझं मत... ठरावाच्या विरुद्ध.” घंटी वाजवायची तो विसरला. उठताना त्याच्या मुठीतल्या गोळीचा कागद खाली पडला. तो उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

टाचणीनं ओळ पुरी केली आणि कागद टोचले.

घरी येताना फाटकाशी आल्यावर अध्यक्षेला राहवेना.

“तो तुला खोटी म्हणाला. सगळ्यांसमोर.”

“म्हणू दे की,” टाचणी म्हणाली. “खोटी म्हटल्यानं माझं काय वर्ष जाणार होतं?”

“मला ऐकवलं नाही गं.”

“मला ऐकवत होतं. मी लिहूनसुद्धा घेत होते.” तिनं फाटकाची कडी काढली. “तू बोललीस छान. अगदी छान. तुझं नाव होईल बघ.”

त्यात टोमणा होता की नव्हता, हे अध्यक्षेला अनेक वर्षं ठरवता आलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी भाऊ आला. हाताला वंगणाचा वास, नखांत काळं. आईनं त्याला जेवायला बसवलं. टाचणीची पेटी उचलताना एवढंच म्हणाला, “मावशी, तुमचे फार उपकार झाले.” आईनं टाचणीच्या पाठीवरून हात फिरवला. टाचणीनं संघटनेचा शिक्का, शाईची गादी आणि कपाटाची किल्ली टेबलावर ओळीनं मांडली. “शिक्का उलटा लागतो, बाण करून ठेवलाय बघ,” ती म्हणाली आणि भावाच्या मागून गेली. पुढे ती एका कचेरीत टंकलेखक झाली एवढं कळलं. पत्र दोघींपैकी कुणीच लिहिलं नाही.

अभिरूप न्यायालय थाटात झालं. वाचनालय दुसऱ्या वर्षी रात्री आठपर्यंत उघडं राहायला लागलं, ते आजही आहे म्हणतात. कुणापायी, ते तिथे कुणाला माहीत नसेल.

पुढची बैठक परत त्याच माळ्यावर भरली. मामा आला नव्हता. अभ्यासाचं कारण देऊन त्यानं पद सोडलं होतं. चिटणीस म्हणून नव्या कॉलेजची मुलगी बसली होती, कारण नाही म्हणायचं तिला जमलं नव्हतं. तिनं मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं. टाचणीनं सगळ्यांचं बोलणं नेटकं लिहिलं होतं, कॉलरनं खोटं म्हटलेलंसुद्धा शब्दाला शब्द. पुढे एक ओळ होती : ‘अध्यक्षांनी खुर्ची सोडली व आपले मत मांडले.’ आणि लगेच मतांची संख्या.

“कुणाला काही दुरुस्ती सुचवायची आहे?” अध्यक्षेनं विचारलं. विचारणं तिचं कामच होतं.

कॉलर उठला. “अध्यक्षांचं भाषण खरंच चांगलं झालं होतं. मी विरुद्ध होतो तरी सांगतो. त्यावर एकच ओळ? आपल्याला हवं तर आपणच सांगा, सविस्तर नोंद घेऊ.”

तो मनापासून बोलत होता. म्हणूनच जास्त लागलं. तिच्या जिभेवर कितीतरी आलं. खालून यंत्राची धडधड येत होती आणि पेला टेबलाच्या कडेकडे सरकत होता. तिनं तो हातानं मागे घेतला.

“नोंद बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि सही केली.

घरी आली तेव्हा आई दारात भाजी निवडत बसली होती.

“बसलीस का गं आज?”

“बसले.”

“हं,” आई म्हणाली. मागच्या दोरीवर टाचणी विसरून गेलेला टॉवेल अजून तसाच होता. आई उठली, तो काढला, घडी घातली आणि तो कुठे ठेवावा ते न सुचून हातात घेऊन उभी राहिली.