न रडता झालेलं जावळ

राजूरला गणपतीपुढं ओजसचं जावळ ठरलं, तेव्हा कोणाला बोलवायचं यापेक्षा जो येणार नाही त्याला काय ऐकवायचं, याचीच तयारी त्याच्या आजीनं, साळूबाईंनी आधी केली. पहिला नातू, तोही नवसाचा. त्याला झबल्यावर स्वेटर आणि स्वेटरवर जरीचं जाकीट.

पोरगं दोन दिवस खोकत होतं. सकाळी अंघोळ घालताना त्याच्या आईनं, तृप्तीनं पाहिलं, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"आत्याबाई, याचं पोट उडून राह्यलंय. आधी भोकरदनच्या डॉक्टरला दाखवू."

"दाखवू ना, कोण न्हाई म्हणलं? देवाचं उरकलं की जीप तिकडंच वळवू. सोयरे वाटंला लागले, त्यायला काय सांगू, पोरगं खोकलं?" साळूबाई सुनेला म्हणाल्या.

तृप्तीनं जाकिटाची बटणं लावली.

मामाच्या मांडीवर ओजस बसला. वस्तरा डोक्यावरून फिरला, तरी हूं की चूं नाही. आत्या मोनालीनं पदरात केस झेलले.

"किती गुणाचं माय!" बायका म्हणाल्या. जिच्या पोरानं मागं न्हाव्याला चावलं होतं, ती हे जरा नाराजीनंच म्हणाली.

साळूबाई फुलल्या. "आमच्या घरचं वळणच हाये तसं."

मामा भागवतनं तेवढा पोराच्या अंगावरून हात फिरवला. मांडीवरचं अंग तापलेलं, छाती नुसती धपधपत होती. तो हळूच म्हणाला, "ताई, हे गुणाचं म्हणून गप न्हाई. याला रडायला दमच पुरून न्हाई राह्यला."

पंगत तशीच टाकून जीप निघाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी जाकीट काढलं, मग स्वेटर, मग झबलं. न्यूमोनिया. "छाती अशी कधीपासून ओढतोय?"

"सकाळपासून," तृप्ती म्हणाली.

नाकाला ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. ओजस सुयांनाही रडला नाही. दिवस मावळायच्या आत त्याचा श्वास थांबला, नळी काढून ठेवली.

जावळाला न आलेले सोयरे आता न बोलावता आले. साळूबाईंनी कोणालाच काही ऐकवलं नाही.

सगळे पांगल्यावर मोनाली रुमालाची गाठ घेऊन आली. "वहिनी, केस नदीला सोडायचे राह्यले. काय करू?"

तृप्तीनं गाठ हातात घेतली. केसांना अजून तेलाचा वास होता.

"आत्याबाईला इचारा," ती म्हणाली. "आधी काय करायचं अन् मंग काय, ते त्यायलाच कळतं."

तिनं गाठ सासूपुढं धरली. साळूबाईंचा हात पदराबाहेर आला नाही.