मागल्या तारखेचा मेजर

मेजरांनी फोन उचलून कानाला लावला, तो जिवंत आहे याची खात्री करून घेतली आणि परत ठेवला. मग खिडकीशी गेले. पडदा सरकवला, रस्त्यावर नजर टाकली, पडदा होता तसा केला आणि पुन्हा फोनपाशी आले.

"अहो, सारखा उचलाल तर करणाऱ्याला लागायचा कसा?" आतून बायकोचा आवाज आला.

"चालू आहे का ते बघत होतो."

"फोन चालूच आहे. तुम्ही जरा बंद व्हा."

मेजर खुर्चीत बसले. खुर्ची गरम व्हायच्या आत उठले.

मेजरांची पोटापाण्याची नोकरी वजनमाप खात्यातली. निरीक्षक. आठवडाभर दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि सुटीच्या दिवशी गणवेश चढवून राखीव दलात हजर व्हायचं, असं त्यांचं तारुण्य दोन टोप्यांत गेलं. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की पेठेतले सगळे तराजू आपोआप सरळ होत, असं दुकानदार सांगत. पोतं उचलायची गरजच नसे, लांबूनच नजरेने तोलत आणि किलोचाही फरक पडत नसे. दलातल्या सोबत्यांनी म्हणूनच त्यांचं नाव 'काटा' ठेवलं होतं.

पण या काट्याचं स्वतःचं माप मात्र कमी भरलं होतं. बरोबरीचे सगळे एका दिवशी कॅप्टन झाले, हे झाले नाहीत. झाले ते दोन वर्षांनी. मग मेजरकीही तितकीच रखडली, आणि लेफ्टनंट कर्नल व्हायची पाळी आली तोवर वयाच्या अटीने दार लावून घेतलं होतं. सासरे हयात होते तेव्हा पाहुण्यांना ओळख करून देत, "हे आमचे जावई. कॅप्टन होणार आहेत." त्या 'होणार'वर असा काही जोर की पाहुण्यांना वाटावं, आता खुर्ची ओढून वाट बघत बसावं. कुणी म्हणे, परीक्षेत आपटला असेल. कुणी म्हणे, वरच्याला उलट बोलला असेल. मेजर कुणालाच उत्तर देत नसत. कारण रात्री उशीवर डोकं टेकलं की त्यांनाही तेच वाटे, आपल्यातच काहीतरी उणं आहे.

आणि मागच्या वर्षी उलगडा झाला. दलाच्या कचेरीने कपाटं बदलली आणि खरं कारण बाहेर पडलं. मेजरांच्या फाइलवर दलाचा ठसठशीत शिक्का होता: 'राखीव'. तेव्हा नव्याने आलेल्या कारकुनाने तो वाचला, राखीव म्हणजे राखून ठेवायची असा सरळ अर्थ लावला आणि फाइल नीट, कडीकुलपात राखून ठेवली. दोन वर्षांनी कुणीतरी दुसरी फाइल उघडली, तेव्हा कुठे कॅप्टनकी आली होती. त्याने काम इतकं मनापासून केलं होतं की त्या कपाटातल्या उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या जन्मल्या, वाढल्या आणि रीतसर निवृत्त झाल्या, पण फाइलच्या कडेला दात लागला नाही.

मेजर त्या दिवशी हसले. संध्याकाळी अंगणात येरझारा घालताना पुन्हा हसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्ती मंडळाकडे अर्ज केला: माझ्या बढत्यांच्या तारखा सुधारून द्या, आणि त्यामुळे जे पद मला मिळायला हवं होतं ते कागदावर का होईना, द्या.

मंडळ म्हणालं, ठीक आहे. तुमच्याबरोबर शिकलेल्या एका अधिकाऱ्याला साक्षीला आणा.

बरोबर शिकलेल्यांतला एक वारला होता. एक परदेशी मुलाकडे होता आणि मुलालाच ओळखत नव्हता. उरला बंब. छाती पिंपासारखी आणि बोलायला लागला की नुसती वाफ, म्हणून बंब. त्याला विचारायचं मेजर महिनाभर टाळत होते. शेवटी काल निरोप ठेवला, आणि तेव्हापासून त्यांच्या पायांना चाकं लागली होती.

फोन वाजला.

"काटा! जिवंत आहेस? मला वाटलं, तुझी मरणाची तारीखपण रखडली!" पलीकडून बंबचा आवाज असा आला की बायकोला आतही ऐकू गेला. "ये उद्या. दुपारी शिकवणी नसते."

बंब मोटार शिकवायचा. पडक्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत त्याची गाडी उभी होती, चारी अंगांनी चेपलेली, जणू गावातल्या प्रत्येक नवशिक्याने तिच्यावर आठवणीदाखल सही केली होती. बंब शिक्षकाच्या जागी बसला होता, त्याच्या पायाशी त्याचा वेगळा ब्रेक.

"बस इकडे, स्टिअरिंगवर. दुसरी जागा नाही."

मेजर बसले आणि राखीव फाइलची हकिगत सांगू लागले. बंब इतका हसला की गाडी हलली.

"म्हणजे दलाने तुला लोणच्यासारखा मुरवत ठेवला! आण तो कागद. कुठे सही करू?"

"वाच तरी आधी."

"तू लिहिलंयस ना? मग त्यात चूक असली तरी मापात असेल."

तरी त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. वाचता वाचता त्याचं बोट एका तारखेपाशी थांबलं.

"ही तर माझ्याच कॅप्टनकीची तारीख."

"हो. सगळ्यांची तीच."

"एकाच तारखेचे दोन कॅप्टन, तर सीनियर कोण?" बंब मास्तरासारखा म्हणाला. "कोर्सात जो वर, तो. तू पहिला आलेलास. मी शेवटून पहिला." त्याने चष्मा काढला. "म्हणजे पुलावर सीनियर तू होतास की रे!"

आणि पुन्हा हसला. या वेळी गाडी हलली नाही.

मेजरांनी समोरच्या काचेकडे पाहिलं. काच स्वच्छ होती, तरी ते तिच्यावर बोट फिरवू लागले.

त्या वर्षी नदीला पूर आला होता आणि पलीकडची वस्ती तुटली होती. राखीव दलाने तरंगता पूल टाकला. संध्याकाळच्या उजेडात धान्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक पुलाच्या तोंडाशी येऊन थांबला. अधिकारी दोघेच, दोघेही कॅप्टन, बंब जुना आणि काटा नवा. पलीकडून माणसं हाका मारत होती. बंबने विचारलं, "काटा, सोडू का?" मेजरांनी ट्रककडे पाहिलं होतं. पोत्यांच्या थरांकडे, खाली बसलेल्या चाकांकडे. आणि म्हणाले होते, "सीनियर तू आहेस."

ट्रक मध्यावर पोचला तेव्हा पूल एका बाजूला कलंडला. ड्रायव्हर सापडला तो दुसऱ्या दिवशी, बऱ्याच खालच्या अंगाला. चौकशीला आलेल्यांनी फार काही विचारलं नाही. तिथे सीनियर कोण होतं, एवढंच. बंब म्हणाला, "मी." त्या एका अक्षरावर त्याच्या नोंदीत ताशेरा बसला, आणि तो जन्मभर कॅप्टनच राहिला.

"ड्रायव्हरच्या घरी मी जात असतो अधूनमधून," बंब म्हणाला. "त्याची मुलगी इथेच गाडी शिकली. काय हात आहे पोरीचा!"

मेजरांना वाटलं, आता बंब विचारेल, की त्या दिवशी तुला वजन कळलं होतं का. ते उत्तर जुळवू लागले, मोडू लागले, परत जुळवू लागले. बंबने गुडघ्यावर कागद ठेवून झोकात सही केली आणि पेन झटकलं.

"बंब, हे... याचा अर्थ..."

"अर्थबिर्थ काही नाही. तुझी तारीख तुला मिळू दे. पूल वाहून गेला, नदीपण आता जागेवर नाही. कागदातला पूल बघायला कोण येतंय?" मग त्याने खाली पाहिलं. "काटा, गाडी बंद आहे. ब्रेक कुणासाठी दाबतोयस?"

मेजरांनी पाय उचलला.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, पुन्हा घातले आणि चक्कर मारून आले. जेवताना उठून नळ गळतोय का ते पाहून आले. नळ गळत नव्हता. बायको सगळं बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की या माणसाला विचारलं तर तो बोलत नाही, आणि नाही विचारलं तर फार वेळ गप्प राहू शकत नाही.

"सही झाली," मेजर म्हणाले.

"मग तोंड असं का, तुमच्या रक्ताने सही घेतल्यासारखं?"

त्यांनी सांगितलं. पुलाचं तिला ठाऊक होतं. सीनियर कोण, हे ठाऊक नव्हतं. पोत्यांचं ते याही वेळी बोलले नाहीत.

"मी म्हणतो, तारीख थोडी अलीकडची मागितली तर?" ते ताटात रेघा ओढत म्हणाले. "पुराच्या नंतरची. पद तरीही मिळतं, मी बघितलंय हिशेब करून. आणि बाकीचं आहे तिथे राहतं."

बायकोने पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला.

"म्हणजे काटा मारायचा," ती म्हणाली.

साधा, बाजारातला शब्द. तराजूला बोट लावून माप कमी भरणाऱ्या दुकानदारांविरुद्ध मेजरांनी तो हजारदा लिहिला असेल. त्यांनी पेला उचलला आणि तसाच धरून बसले.

"तसं नव्हे गं."

"मी कुठे काय म्हणते? तुमच्या खात्यातला शब्द आहे. चुकला असेल तर दुरुस्त करा."

सुनावणीच्या दिवशी मेजर इतक्या लवकर पोचले की शिपाई अजून खुर्च्या पुसत होता. बंब अगदी वेळेवर आला, इस्त्रीच्या शर्टात, वाफ काढत. "काय कर्नल!" त्याने व्हरांड्यातूनच आवाज दिला, आणि मेजर दचकून मागे बघू लागले, जणू कुणी खराच कर्नल येतोय.

मंडळाच्या अध्यक्षबाई समंजस होत्या. राखीव फाइलची गोष्ट त्यांनी गंभीर चेहऱ्याने ऐकली, पण शेजारच्या कारकुनाचे खांदे हलत होते, आणि बाईंनी डोळे वटारले तेव्हा त्यांचेही ओठ जागेवर नव्हते. बंबची साक्ष झाली. हा मनुष्य आमच्या तुकडीत पहिला होता, आणि पहिल्याला मागे ठेवायचं डोकं फक्त कचेरीलाच असू शकतं, असं त्याने ठणकावून सांगितलं.

"स्पष्ट प्रकरण आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चूक कचेरीची. अर्जातली मूळ तारीख मंडळ मान्य करतं. त्यापुढची पदंही त्या हिशेबाने. तुमच्यावर इतकी वर्षं अन्याय झाला, त्याबद्दल मंडळाला वाईट वाटतं."

हे वाक्य मेजरांनी अंगणात येरझारा घालताना किती वेळा ऐकलं होतं! आपणच मनात रचलेलं, कधी जाड आवाजात, कधी बारीक. आज ते खरंच कुणीतरी म्हणालं, आणि त्यांना नुसतंच बुटात बोटं आवळल्यासारखं झालं. सासरे असायला हवे होते, असा विचार आला आणि निघून गेला.

"एक शेवटचा प्रश्न रिवाजाप्रमाणे," बाई कागद उलटत म्हणाल्या. "तुमच्या या तारखेमुळे आणखी कुणाच्या नोंदीत फरक पडतो का?"

कारकून सवयीने 'नाही' लिहायला लागलासुद्धा. हा प्रश्न असाच असतो. बंबने शेजारून गुडघ्याने मेजरांना हळूच ढोसलं आणि मान आडवी हलवली.

"पडतो," मेजर म्हणाले.

कारकुनाचं पेन थांबलं.

"कुणाच्या?"

"पुलाच्या चौकशीचे कागद मागवावे लागतील. तरंगता पूल. एक ट्रक गेला होता, आणि त्याचा ड्रायव्हर." मेजरांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "त्या ट्रकमध्ये जास्त वजन होतं. मला दिसलं होतं."

"काटा, गप," बंब दातांतून म्हणाला.

अध्यक्षबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी तिथे सीनियर कोण होतं?"

बंबची खुर्ची मागे सरकली. तो उभा राहिला, हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर, पिंपासारखी छाती पुढे. तोंड उघडून त्याने ते एक अक्षर उच्चारायलाही घेतलं.

"बंब," मेजर म्हणाले, "खाली बस."

बंबने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. तो मेजरांकडे बघत राहिला.

मग तो बसला.